बरणीतले प्रमुख पाहुणे

नाशिकमध्ये घरात काहीही आंबवायला ठेवलं की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, "वाइन का?" उत्तराची वाट न पाहता तो खुर्ची ओढून बसतोही. गंगापूर धरणाच्या काठाला आणि दिंडोरीच्या रस्त्याला वायनरी इतक्या झाल्या आहेत की काचेच्या बरणीत लाल पाणी आणि त्यावर बुडबुडे, एवढा पुरावा नाशिककराला पुरतो. मग आपण सांगायचं, की ते बीट आहे, फोडी करून मिठाच्या पाण्यात घातलंय. हे ऐकल्यावर पाहुणा आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने नाशिककर एरवी फक्त मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड मागणाऱ्या पुणेकराकडे बघतो.

"मग चहाच टाका," तो म्हणतो.

बीटचं नशीबच तसं. बुधवारी गंगेवरच्या बाजारात (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणायचं, गोदावरी म्हणणारा एकतर पाहुणा असतो नाहीतर महापालिकेचा फलक) किलोभर बीट मागितलं की भाजीवाल्या मावशी आवाज खाली आणून विचारतात, "कुणाचं रक्त कमी झालं?" कुणी आवडीने बीट नेत असेल, ही शक्यता त्यांच्या हिशेबात नाही. लाल ते रक्ताचं, असा साधा कायदा आहे. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम बीटमधलं लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. अळिवाच्या लाडवापुढे बीटने उभंसुद्धा राहू नये. टोमॅटोही लालच, पण त्याच्यावर ही जबाबदारी कुणी टाकत नाही.

दुसरी तक्रार वासाची. "मातकट लागतं," असं म्हणून लोक बीट ताटाच्या कडेला सरकवतात. हा मातकटपणा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो त्यातही मोठा वाटा याच जिओस्मिनचा. त्या वासावर मराठीत किती कविता झाल्या हे मोजायला साहित्य परिषदेला स्वतंत्र कारकून नेमावा लागेल. तोच वास कोशिंबिरीतून आला की तोच कवी "नको, मला पित्त होतं" म्हणतो.

जगात इतरत्र बीटला बरे दिवस आहेत. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीच्या सुपासाठी बीट लसूण, तमालपत्र घालून आधीच आंबवून ठेवतात. युक्रेनमध्ये आंबलेल्या बीटचं पाणी बोर्श नावाच्या सुपात पडतं, आणि युक्रेनी बोर्श रांधण्याच्या परंपरेला २०२२मध्ये युनेस्कोने तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतलं. आपल्याकडे उत्तरेत काळ्या गाजराची नि बीटची कांजी होते. थंडी सरता सरता राई घालून बरण्या उन्हात ठेवायच्या आणि होळीच्या सुमारास प्यायची. नाशिकला ही कांजी बहुधा देवळाली कॅम्पातून आली. तिथे तोफखान्याची छावणी, त्यामुळे पंजाबी घरं. आणि फाळणीनंतर येऊन राहिलेली सिंधी घरं. आमच्या घरी ती एका पंजाबी आंटींमार्फत आली. आंटी सोसायटीत राहायला आल्या तेव्हा सामानाच्या टेम्पोतून पहिल्यांदा बरणी उतरली, मग सोफा.

कृती सांगण्यासारखी नाहीच. बीट सोलून किंवा नुसतं चोळून धुवून बोटाच्या पेराएवढ्या फोडी करायच्या. किसायचं नाही, किसलं की साखर एकदम पाण्यात उतरते आणि यीस्टची चैन होते. लिटरभर पाण्याला वीस-पंचवीस ग्रॅम मीठ, फोडी पाण्याखाली राहतील असा दट्ट्या, झाकण सैल, आणि आठवडाभर गप्प बसायचं. यातली शेवटची पायरी आमच्या सोसायटीत कुणालाच जमली नाही. कारण प्रश्न उभा राहिला विरजणाचा.

आत्याचं म्हणणं, विरजणाशिवाय काहीही आंबत नाही. तिचं दह्याचं विरजण निफाडकडच्या माहेरून आलेलं. मधे दोन घरं बदलली, एक फ्रिज जळाला, पण विरजण मोडलं नाही. निफाडच्या थंडीत, म्हणजे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात छापून येतो त्या थंडीत, तिची आई विरजलेलं भांडं गोधडीत गुंडाळून पायाशी घेऊन झोपायची. एवढ्या घराण्यातलं विरजण असताना बीट आंबवायला दुसरं काही घ्यायचं, हा तिला अपमान वाटला. तिने दही फडक्यात टांगलं आणि खाली गळलेली निवळी वाटीभर बरणीत ओतली.

आंटी म्हणाल्या, "दही कशाला, राई हवी." त्यांच्या लेखी राई कुटून टाकल्याशिवाय कांजी चढतच नाही.

भाचा गंगापूर रोडच्या पलीकडे एका वायनरीत तळघरात काम करतो. तो यीस्टचं पाकीट घेऊन आला. (लोकांना वाटतं द्राक्षावरच्या पांढऱ्या लवेनं वाइन होते. ती लव बहुतांशी मेण असते. बहुतेक वायनरी यीस्ट पाकिटातून आणतात. हे ऐकून आत्याचा वाइनवरचा उरलासुरला विश्वास उडाला, "म्हणजे विरजणही विकतचं?") समोरच्या फ्लॅटमधली आहारतज्ज्ञ मुलगी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल फोडून घालायच्या म्हणत होती. शिवाय कुणाच्या तरी जाऊबाईंकडे केफिरचे दाणे होते, ते दुधातून काढून आणले गेले.

राहिले प्रेसवाले काका. हे नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. १९२५ साली सुरू झालेल्या त्या छापखान्यातला माणूस निवृत्तीनंतरही कुठलाही कागद आधी उजेडात धरून बघतो, लग्नपत्रिकासुद्धा. काका म्हणाले, ताडून बघायला नमुना नसेल तर खरंखोटं ठरणार कसं? म्हणून एका बरणीत विरजण नाही, राई नाही, काही नाही. बीट, मीठ, पाणी. सगळ्या बरण्यांना त्यांनी अनुक्रमांक दिले आणि कुणाची कुठली ते वहीत लिहून वही कुलपात ठेवली. नोटा छापणाऱ्या संस्कृतीत वाढलेल्या माणसाला बीटही बेवारस चालत नाही.

मग जागेचा वाद. आत्याचा आग्रह, तिची बरणी राईच्या बरणीशेजारी नको, "उडून पडेल." आंटींनाही दह्याचा विटाळ. नाशिकला असे तंटे नवे नाहीत. सिंहस्थात आधी कुणी बुडायचं यावरून साधूंच्यात हाणामारी व्हायची, म्हणून वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकेश्वरी, अशी कायमची वाटणी झाली. त्याच धर्तीवर दही पक्ष स्वयंपाकघरात आणि राई पक्ष गॅलरीत गेला. दट्ट्याचा प्रश्नही असाच चिघळला. काळा गोटा सगळ्यात उत्तम, आंबटात विरघळत नाही, पण "गंगेवरून आणू का?" म्हटल्यावर आत्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. रामकुंडापाशी अस्थी सोडतात, तिथला दगड खाण्याच्या वस्तूत? शेवटी काचेच्या वाट्यांवर भागलं.

अमेरिकेतसुद्धा लोक असेच दोन आखाड्यांत विभागलेले आहेत. सॅली फॅलन या बाईंच्या गाजलेल्या पुस्तकात बीटच्या क्वासमध्ये, म्हणजे याच आंबट पाण्यात, निवळी घालायला सांगितली आहे. आत्याने ते वाचलेलं नाही, पण वाचलं असतं तर "हेच तर सांगतेय" म्हणाली असती. आंबवण्यावरच लिहिणाऱ्या सँडॉर कॅट्झ यांचा पंथ दुसरा: भाजीवर जे आहे ते पुरे आहे, तुम्ही फक्त मधे येऊ नका.

आणि खरं सांगायचं तर बरणीच्या आत कॅट्झ पंथाचंच चालतं. बीटच्या सालीवर मातीतून आलेले जिवाणू मुळातच असतात. पहिले काही दिवस ल्युकोनोस्टॉक मंडळींचे. बुडबुडे सोडणारे ते. पाणी आंबट होत गेलं की ते दमतात आणि प्लँटारम नावाचा जिवाणू पुढचं काम उरकतो. दह्यातला एक प्रमुख जिवाणू बल्गेरिकस. स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने तो १९०५मध्ये शोधला. या जिवाणूला ऊब लागते बेचाळीस अंशांच्या आसपासची आणि सवय दुधातल्या साखरेची. बीटमधली साखर उसातलीच, सुक्रोज. ती या पाहुण्याला सहसा पचत नाही. म्हणजे आत्याच्या निवळीतले जिवाणू थंडगार खारट पाण्यात उतरतात, समोरचं जेवण त्यांच्या ताटातलं नसतं, आणि ते आपले बसून राहतात. निवळीने पाण्याला सुरुवातीला थोडा आंबटपणा येतो, तेवढ्याने वाईट जंतूंना जरा धाक बसतो, हे मान्य. पण विरजण म्हणजे उद्घाटनाला बोलावलेले प्रमुख पाहुणे: उशिरा येतात, नारळ फोडतात, फोटोत मधोमध उभे राहतात, आणि मांडव घालणारी पोरं मागे खुर्च्या उचलत असतात. फोटोखाली नाव पाहुण्यांचं.

राईचं तेच. राई तिखटपणा देते आणि बुरशीला थोडी लांब ठेवते. आंबवणं हे तिचं खातंच नाही. कॅप्सूलमधले जीव आतड्यासाठी निवडलेले. कुठल्यात बॅसिलसचे बीजाणू तर कुठल्यात यीस्ट. केफिरमध्ये जिवाणू आणि यीस्ट दोघंही नांदतात, त्यामुळे तो थोडंफार काम करतो, पण दूध आठवून उदास होतो असं काकांचं निरीक्षण आहे. काकांच्या निरीक्षणाला शास्त्रीय आधार नाही.

फक्त भाच्याचं यीस्ट खरोखर कामाला लागलं, आणि तिथेच घोटाळा झाला. त्या बरणीतून असा वास येऊ लागला की वाइन का विचारणारे पाहुणे पहिल्यांदाच बरोबर निघाले. काकांनी ताबडतोब महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ काढला. या राज्यात दारू करायला परवाना लागतो, आणि प्यायलाही लागतो: एक दिवसाचा, वर्षाचा, किंवा आजन्म. बीटसाठी कुठला? २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याच्या निर्णयावरून अख्ख्या महाराष्ट्राने वाइन ही दारू आहे की नाही यावर वाद घातला होता. बीटचा विषय तेव्हाच निघाला असता तर बरं झालं असतं. भाच्याने पुरावा नष्ट करण्याची जबाबदारी घेतली. वाटीने.

गंमत म्हणजे या सगळ्या शास्त्राची सुरुवात बीटनेच झालेली आहे, आणि बरोबर उलट्या तक्रारीने. १८५६मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात बिगो नावाचा कारखानदार विज्ञान शाखेच्या प्रमुखाकडे गेला. त्याचा मुलगा त्या प्राध्यापकांचा विद्यार्थी. बिगो बीटच्या रसापासून मद्यार्क करायचा आणि त्याच्या काही पिंपांत मद्यार्काऐवजी आंबट पाणी होत होतं. प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल गोळे. बिघडलेल्या पिंपात दुसरंच काहीतरी, फार बारीक, वळवळणारं. पुढच्याच वर्षी त्यांनी दुग्धाम्लाच्या आंबण्यावर निबंध वाचला. हे प्राध्यापक लुई पाश्चर. बिगोला दारू हवी होती, मिळालं लोणचं. आम्हाला लोणचं हवं होतं, मिळाली दारू. आमच्या सोसायटीत पाश्चर नव्हता, एवढाच फरक.

पुढचं संकट बिनविरजणाच्या बरणीवर आलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी घट्ट झालं. चमचा वर काढला तर तार सुटली. आत्याने बोटांत धरून तपासलं आणि निकाल दिला, "एकतारी. गुलाबजाम टाकायला हरकत नाही." आंटींनी तोंड फिरवलं. विरजणवाल्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, कारण अनाथ बरणीचं असंच होणार हे त्यांना माहीत होतं.

योगायोगाने त्या दिवशी माझे धाकटे दीर निफाडहून आले होते. त्यांचा ऊस. त्यांनी तार बघितली आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले. तोडलेला ऊस वेळेवर कारखान्यात गेला नाही, उन्हात पडून राहिला, की रसाला हीच चिकटी येते. मग गाळताना अडतं, साखरेचा दाणा नीट पडत नाही आणि बोलणी शेतकऱ्याला बसतात. करणारा तोच, ल्युकोनोस्टॉक. साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा डिंक सोडतो. ऊस असो की बीट, त्याला सारखंच. युरोपात बीटच्या साखर कारखान्यांनाही त्याने असंच छळलं. आणि शेवटी स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात याच डिंकापासून रक्तस्राव झालेल्या रोग्याला शिरेतून देण्याचं द्रव बनवलं. म्हणजे बीटचा रक्ताशी संबंध आहेच, फक्त भाजीवाल्या मावशी म्हणतात त्या वाटेने नाही.

"थांबा दोन-चार दिवस, बसेल खाली," दीर म्हणाले. कारखान्यात हे चालत नाही, पण बरणीला गाळपाची घाई नसते. आंबटपणा वाढला की हे जिवाणू मागे पडतात आणि बहुतेक वेळा तार आपोआप मोडते. मोडली.

दीर जाताना आंटींची तयार कांजी दोन ग्लास पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा फोन. आवाज एकदम खोल. "वहिनी, दादाला उठवू नका. पण सातबाऱ्यावर पोरांची नावं लावायची राहिलीत." सकाळी बाथरूममध्ये त्यांना लाल दिसलं होतं, आणि तिथून निफाडच्या दवाखान्यापर्यंत मनातल्या मनात त्यांनी जमिनीची वाटणीही उरकली होती. साधारण शंभरात दहा ते चौदा माणसांना बीट खाल्लं की असं होतं. रंग तसाच खाली उतरतो, त्रास काही नाही. हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाटणीचं मी बोललो ते कुणाला सांगू नका." मी कुणालाही सांगितलेलं नाही, हा लेख त्यांच्याकडे जात नाही.

रविवारी काकांच्या देखरेखीखाली चव घ्यायचं ठरलं. वाट्यांवर अनुक्रमांक, कोण कुठली ते फक्त वहीत. आत्याने पहिली वाटी तोंडाला लावली आणि "हे माझं" म्हणाली. दुसरी घेतली, तेही तिचंच निघालं. केफिरच्या बरणीवर पांढरा पापुद्रा आला होता, त्याला जाऊबाई साय म्हणाल्या आणि कौतुकाने बाजूला काढायला लागल्या. ते काह्म नावाचं यीस्ट. काढून टाकलं की झालं, पण केसाळ, रंगीत बुरशी असेल तर सगळी बरणी फेकायची, हा नियम मात्र कुणाच्याही घराण्यासाठी बदलत नाही. कॅप्सूलच्या बरणीबद्दल कुणी काही बोललं नाही, त्या मुलीने आणलेले ढोकळे चांगले होते.

सर्वांत उजवी ठरली ती एकच वाटी: स्वच्छ, आंबट, किंचित गोड, मातीचा वास मागे गेलेला. आंटींनी दुसऱ्यांदा मागून घेतली. काकांनी कुलूप उघडलं, चष्मा पुसला, वही वाचली आणि जाहीर केलं की यात काहीही घातलेलं नव्हतं.

"काही नाही कसं?" आत्या म्हणाली. "बरणी कुणाची होती?"

बरणी तिची होती. लिंबाच्या लोणच्याची, उकळत्या पाण्याने धुतलेली, पण तिची. आंटींनी आठवण करून दिली की फोडी त्यांच्या पाटावर, त्यांच्या सुरीने झाल्या. भाचा म्हणाला, त्या दिवशी बरणी उचलून ठेवणारा तोच, आणि त्याच्या हाताला वायनरीतलं काहीबाही असतंच. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून त्यातलं क्लोरीन उडवायची सूचना कुणाची होती, हे काकांनी वहीतून वाचून दाखवलं. त्यांचीच होती. बीटतर्फे बोलायला कुणी नव्हतं.

आणि मग सोमवारपासून लोक वाट्या घेऊन यायला लागले. त्या बरणीतलं पाणी विरजण म्हणून हवं होतं. ज्यात विरजण नव्हतं ते विरजण. मी समजावून पाहिलं, की तुमच्या बीटवर तुमचे जिवाणू आहेत, नुसतं मीठ-पाणी घाला. उलट जुनं आंबट पाणी ओतलं की पहिल्या फळीतले जिवाणू उगवायच्या आधीच गारद होतात आणि चव एकसुरी होते. "हो हो, बरोबर आहे," म्हणून त्यांनी वाटी पुढे केली. आता ते पाणी देवळालीला आहे, सातपूरला आहे, मायको सर्कलजवळच्या एका जिममध्ये आहे, आणि पुण्याला एका सदाशिव पेठेतल्या घरी "नाशिकचं खास कल्चर" म्हणून फ्रिजच्या दारात उभं आहे. आत्याने वाटपाचं खातं स्वतःकडे घेतलंय. कुणाला द्यायचं, किती द्यायचं, आणि मुख्य म्हणजे कधी. दिवेलागणीनंतर दही, मीठ, विरजण घराबाहेर जात नाही.

परवा रात्री नऊ वाजता भाचा छोट्या काचेच्या कुप्या घेऊन आला. त्याच्या वायनरीच्या लॅबमध्ये बघायचं होतं, यात नेमके कोण कोण आहेत.

"आजी, दहा मिली द्या फक्त. उद्या पहाटेच लावायचंय."

"मग पहाटे ये."

"आजी, हे विरजण नाहीये. सॅम्पल आहे."

"तेच ते. आणि येताना रिकाम्या बाटल्या आणू नकोस, आत काहीतरी घालून आण."

"काय घालू?"

"तुमच्याकडची द्राक्षं आण," आत्या म्हणाली, "आणि ते पाकीटवालं नको हं काही."